इयत्ता आली, शिक्षक आला नाही : जोडवर्गाचा दोनशे वर्षांचा इतिहास

१/ भिवंडीचा धामणकर नाका. जवळच वऱ्हाळादेवी तलाव, १९६६ साली स्थापन झालेले बी.एन.एन. महाविद्यालय आणि भोवती यंत्रमागांची दाट वस्ती. येथे शिकणारा प्रत्येक विद्यार्थी पहिली, दुसरी, तिसरी अशा पायऱ्या चढूनच आलेला असतो. नाका ओलांडून तालुक्याच्या ग्रामीण भागात शिरले की या पायऱ्यांचे दुसरे रूप दिसते. पाड्यांवरच्या लहान शाळांत खोली एक, शिक्षक एक आणि इयत्ता दोन असतात. फळ्याच्या मधोमध खडूची उभी रेघ ओढलेली असते. डावीकडे पहिलीचे गणित, उजवीकडे दुसरीचे.

२/ या व्यवस्थेला मराठी शिक्षकांच्या भाषेत ‘जोडवर्ग’ म्हणतात. दोनांहून अधिक इयत्ता एकत्र असतील तर ‘बहुवर्ग अध्यापन’ हा शब्द योजला जातो. सर्वसाधारण समजूत अशी, की जोडवर्ग ही टंचाईतून निघालेली तडजोड आहे आणि ‘एक इयत्ता, एक खोली, एक शिक्षक’ हीच शाळेची मूळ रीत आहे. इतिहासाची कागदपत्रे मात्र वेगळे सांगतात. महाराष्ट्रात वेगवेगळ्या वयांची मुले एकत्र शिकण्याची रीत जुनी आहे. इयत्ता ही नंतर आलेली व्यवस्था आहे.

३/ प्रारंभ पंतोजींच्या शाळेपासून करावा लागतो. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्या कारकिर्दीत जिल्ह्याजिल्ह्यांतून देशी शाळांची माहिती मागविण्यात आली. त्या पाहणीत मुंबई इलाख्यात सुमारे १,७०० शाळा आणि त्यांत सुमारे ३५,००० मुले आढळली. भागाकार केला तर एका शाळेत सरासरी वीस मुले येतात. पंतोजी बहुधा एकच. ही कागदपत्रे पुढे आर. व्ही. परुळेकर यांनी संपादित करून प्रसिद्ध केली, म्हणून आज ती अभ्यासकांस उपलब्ध आहेत.

४/ या वीस मुलांत कोणी धूळपाटीवर बोटाने पहिली अक्षरे गिरवीत असे, कोणी मोडीचे वळण घोटवीत असे, तर कोणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकीपर्यंत पोहोचलेला असे. प्रवेशाचा ठराविक दिवस नव्हता आणि वार्षिक परीक्षाही नव्हती. मूल आले की आरंभ, आणि हिशेबठिशेब व पत्रलेखन जमू लागले की समाप्ती. शेतीच्या हंगामात चार महिने गैरहजर राहिलेले मूल परतले तर जेथे थांबले होते तेथूनच पुढे जाई. ‘नापास’ होण्यासाठी आधी इयत्ता असावी लागते, आणि ती तेथे नव्हतीच.

५/ एकटा पंतोजी हे सारे कसे सांभाळी? पुढे गेलेली मुले मागच्यांना शिकवीत. एक मुलगा उभा राहून पाढा म्हणे आणि बाकीचे मागून म्हणत. नवीन आलेल्या पोराचा हात धरून अक्षर गिरवून घेण्याचे काम मोठ्या मुलाकडे असे. शिकविणारा मुलगाही त्यातून पक्का होई. पंतोजी एकेकास जवळ बोलावून तपासणी करी.

६/ या शाळेचे उदात्तीकरण करण्याचे मात्र कारण नाही. छडी आणि कठोर शिक्षा हा तेथला नित्याचा भाग होता. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील मुलांना आणि जवळजवळ सर्व मुलींना त्या ओसरीवर जागा नव्हती. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा उघडली, ती याच बंद दारावरची थाप होती. पंतोजींची शाळा वयांचा भेद मानीत नव्हती, जातीचा आणि लिंगाचा मात्र मानीत होती.

७/ आता थोडे मद्रासला जावे लागते. १७८९ पासून अँड्र्यू बेल हा स्कॉटिश पाद्री एग्मोर येथील लष्करी अनाथालयाचा प्रमुख होता. शिक्षक अपुरे होते. देशी शाळेतील मुले वाळूत अक्षरे गिरविताना त्याने पाहिली आणि तीच रीत आपल्या अनाथालयात आणली. पुढच्या मुलांनी मागच्यांना शिकवायचे, ही त्याच्या पद्धतीची मुख्य कल्पना होती. १७९७ साली त्याने या प्रयोगावर पुस्तिका प्रसिद्ध केली. इंग्लंडमध्ये ती ‘मद्रास पद्धती’ म्हणून ओळखली जाऊ लागली.

८/ त्याच सुमारास लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टर यानेही अशीच व्यवस्था उभी केली. एका प्रचंड दालनात शेकडो गरीब मुले, शिक्षक एक, आणि मधे ‘मॉनिटर’ म्हणून नेमलेली मोठी मुले. थोड्या खर्चात पुष्कळांना साक्षर करण्याचा हा उपाय युरोप-अमेरिकेत झपाट्याने पसरला. आजही मराठी शाळांत वर्गप्रमुखास ‘मॉनिटर’ म्हणतात, तो शब्द याच परंपरेतून आला.

९/ मग ही रीत विलायतेचा शिक्का घेऊन परत आली. मुंबईत १८२२ साली स्थापन झालेल्या आणि पुढे ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेने देशी शिक्षणातील उणिवा शोधल्या. चांगली पुस्तके नाहीत, शिकविण्याची पद्धत नाही, तयार शिक्षक नाहीत आणि पैसा नाही, असा तिचा निष्कर्ष होता. पद्धतीवरचा उपाय म्हणून लँकेस्टरच्या पद्धतीची शिफारस झाली. ज्या रीतीचा उगम देशी शाळेत होता, तीच देशी शाळेच्या सुधारणेसाठी आयात झाली.

१०/ यानंतर चित्र पालटले. प्रशियात मुलांची वयानुसार वर्गवारी रुजत होती. अमेरिकेत बॉस्टनच्या क्विन्सी शाळेने १८४७-४८ च्या सुमारास प्रत्येक वर्गास स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र शिक्षक दिला. त्या इमारतीत बारा वर्गखोल्या होत्या. हे स्वरूप दाट वस्तीच्या औद्योगिक शहरास साजेसे होते. एकाच वयाची पन्नास मुले एका जागी मिळतील, तेथेच ते परवडणारे होते.

११/ १८५४ चा वुडचा खलिता आणि १८५५ पासून कामास लागलेले मुंबई इलाख्याचे शिक्षणखाते यांनी नवी चौकट आणली. क्रमाने लावलेली पुस्तके, ठरलेला अभ्यासक्रम, तपासनीस आणि परीक्षा. ‘इयत्ता’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थच मुळी ‘इतकेपणा’, म्हणजे माप किंवा मर्यादा. शाळेतील पायरीला हा शब्द लागला, हे अर्थपूर्ण आहे. मूल किती शिकले याचे माप आता बाहेरून ठरू लागले.

१२/ मापाला पैसा जोडला गेला तेव्हा त्याची पकड घट्ट झाली. इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित संहितेने वाचन, लेखन आणि गणित यांच्या सहा पायऱ्या ठरविल्या. तपासनीस प्रत्येक मुलाची परीक्षा घेई आणि उत्तीर्ण मुलांच्या संख्येवर शाळेचे अनुदान ठरे. मुंबई इलाख्यातही निकालावर अनुदान देण्याची रीत रूढ झाली. ज्या खेड्यात मुले हंगामानुसार शाळेत येत आणि पालकांची पहिलीच पिढी शाळेचे तोंड पाहत होती, तेथे हे माप जाचक ठरणे स्वाभाविक होते.

१३/ याला स्पष्ट विरोध करणारे निवेदन महाराष्ट्रातूनच गेले. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षण बारा वर्षे वयापर्यंत सक्तीचे करावे, अशी मागणी केली. गरीब आणि अशिक्षित लोकांत शिक्षण पसरविण्यास निकालावर आधारलेली अनुदानपद्धत उपयोगाची नाही, असे त्यांनी बजावले. शिक्षक प्रशिक्षित असावा आणि त्याचे वेतन बारा रुपयांहून कमी नसावे, असाही त्यांचा आग्रह होता. शाळेचे माप लावण्याआधी शिक्षकाकडे पाहा, हा त्या निवेदनाचा आशय होता.

१४/ येथेच जोडवर्गाचा खरा जन्म झाला. खात्याने खेड्यातील शाळेला बिगरीपासून वरपर्यंतच्या सगळ्या इयत्ता दिल्या, त्या इयत्तांची पुस्तके दिली आणि परीक्षाही दिल्या. शिक्षक मात्र पंतोजींच्या काळाप्रमाणे एक किंवा दोनच राहिले. पंतोजीपुढे वीस मुले होती आणि प्रत्येकाची वाट निराळी होती. नव्या मास्तरांपुढे तीच वीस मुले होती, पण आता ती चार वर्ग झाली होती. प्रत्येक वर्गाने वर्षअखेर एका ठराविक रेषेवर पोहोचणे बंधनकारक होते. शहराचे माप खेड्याला लागले, शहराइतके मनुष्यबळ मात्र मिळाले नाही.

१५/ १९२९ साली सर फिलिप हार्टोग यांच्या समितीने हिंदुस्थानातील प्राथमिक शिक्षणाची झाडाझडती घेतली. मुले शाळा अर्धवट सोडतात आणि एकाच वर्गात अडकून राहतात, यावर तिने बोट ठेवले. एकशिक्षकी शाळांबद्दल तिचे मत प्रतिकूल होते. नव्या शाळा वाढविण्याऐवजी असलेल्या शाळा एकत्र आणून बळकट कराव्यात, असा तिचा कल होता. ‘विस्तार की दर्जा’ हा वाद तेव्हापासून धगधगत राहिला आहे.

१६/ परुळेकर आणि त्यांच्यानंतर जे. पी. नाईक यांनी विस्ताराची बाजू धरली. नाईक मूळचे कोल्हापूर भागातील. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. खेड्यांचा देश असेल तर लहान शाळा राहणारच, तेव्हा एकशिक्षकी शाळेला लाजिरवाणा अपवाद न मानता तिच्यासाठी स्वतंत्र पद्धत आणि प्रशिक्षण तयार करावे, ही त्या बाजूची मुख्य भूमिका. नाईकांनी एकशिक्षकी शाळा या विषयावर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली.

१७/ पुढे १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव हेच नाईक होते. त्या आयोगाने एक धाडसी शिफारस केली. पहिली आणि दुसरी हे दोन वर्ग वेगळे न मानता एकच सलग घटक मानावा आणि त्यात मुलांनी आपापल्या गतीने पुढे जावे. म्हणजे पाड्यावरचा शिक्षक नाइलाजाने जे करीत होता, तेच देशातील सर्वोच्च शिक्षण आयोगाने विचारपूर्वक सुचविले. शिफारस झाली, तरी पुस्तके, परीक्षा आणि नोंदवह्या इयत्तानिहायच राहिल्या.

१८/ याच काळात जुन्या ठाणे जिल्ह्यात, म्हणजे भिवंडीच्याच जिल्ह्यात, एक वेगळा प्रयोग फुलत होता. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. सोबतीला अनुताई वाघ होत्या. आदिवासी मुले गुरे राखण्यास जात, म्हणून शाळाच कुरणात नेण्यात आली. या ‘कुरणशाळे’त वयाची आणि वेळेची चौकट सैल होती. ‘विकासवाडी’च्या कल्पनेत तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली होती. धाकट्याला सांभाळणारी मोठी बहीण त्यामुळे शाळेला मुकत नव्हती. कोसबाड २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.

१९/ १९९० च्या दशकात याच जिल्ह्यातील वीटभट्ट्यांवर विधायक संसद या संस्थेने ‘भोंगा शाळा’ चालविल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरील मजुराची तात्पुरती झोपडी. दिवाळीनंतर कातकरी आणि इतर मजूर कुटुंबे भट्टीवर येतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर गावी परततात. मधल्या महिन्यांत मुलांचे शाळेतील नाव केवळ हजेरीपटावर उरते. अशा मुलांना वयानुसार चार खोल्यांत विभागणे अशक्यच होते. सहा वर्षांचे आणि बारा वर्षांचे मूल एकाच छपराखाली पहिले अक्षर शिके.

२०/ सरकारी धोरणानेही जोडवर्ग गृहीतच धरला. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर आलेल्या ‘खडू-फळा मोहिमे’ने प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या आणि दोन शिक्षक देण्याचे ठरविले. एकशिक्षकी शाळांसाठी ही मोठी झेप होती. चार वर्गांना दोन शिक्षक म्हणजे प्रत्येकी दोन वर्ग, हा हिशेबही त्यात अंतर्भूत होता. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो की पहिली ते पाचवीत साठपर्यंत मुले असतील तर दोन शिक्षक असावेत. वर्ग पाच, शिक्षक दोन. लहान शाळेत जोडवर्ग हा अपघात नसून कायद्याच्या गणिताचे उत्तर आहे.

२१/ वर्गात हे गणित कसे चालते? चाळीस मिनिटांच्या तासिकेत प्रत्येक इयत्तेला शिक्षकाची वीस मिनिटे मिळतात. उरलेल्या वीस मिनिटांत मुले स्वतः काय करतील, यावर सारे अवलंबून असते. नुसते ‘लिहीत बसा’ म्हटले तर तो वेळ वाया जातो. स्वाध्यायाची कार्डे, मोजण्याचे साहित्य, गटप्रमुख आणि जोडीने वाचन यांची तयारी असेल तर तोच वेळ स्वयंअध्ययनाचा होतो. तिसरीच्या मुलाच्या कानावर चौथीचे शिवचरित्र वर्षभर आधीच पडते. चौथीतील कच्चे मूल शेजारच्या तिसरीच्या गणितात निमूटपणे पुन्हा डोकावू शकते.

२२/ जगात या अडचणीचेच सामर्थ्य करून दाखविणारी उदाहरणे आहेत. कोलंबियात १९७० च्या दशकाच्या मध्यास ‘एस्क्वेला नुएवा’, म्हणजे नवी शाळा, हा कार्यक्रम ग्रामीण बहुवर्ग शाळांसाठीच सुरू झाला. मुलांनी स्वतः वापरायच्या मार्गदर्शिका आणि प्रत्येकाची स्वतःची गती हा त्याचा आधार होता. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीच्या परिसरातील लहान शाळांनी अभ्यासक्रमाच्या छोट्या पायऱ्या पाडून कार्डांची शिडी तयार केली. दोन्ही ठिकाणी आधी साहित्य बदलले, शिक्षकाचे प्रशिक्षण बदलले आणि मोजमापही बदलले. शिक्षकाला एकटे सोडून चमत्काराची अपेक्षा केली गेली नाही.

२३/ हा विषय आज केवळ ऐतिहासिक कुतूहलाचा राहिलेला नाही. २०१७ साली महाराष्ट्रात दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळांत सामावून घेण्याचा निर्णय झाला. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी ‘समूह शाळा’ उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला. नंदुरबारमधील तोरणमाळ आणि पुण्यातील पानशेत यांची उदाहरणे त्यासाठी देण्यात आली. लहान शाळेत मुलांना सवंगडी आणि पुरेसे शिक्षक मिळत नाहीत, हे त्यामागील कारण. दुसरीकडे पालकांची चिंता वाटेची आहे. ओढा, घाट आणि जंगल ओलांडून सहा वर्षांची मुलगी रोज किती दूर जाईल?

२४/ हार्टोग समितीच्या काळातील वाद आणि आजचा वाद यांत शब्दही फारसे बदललेले नाहीत. दोन्ही वेळी लहान शाळेला शहरी शाळेचे माप लावून ती तोकडी ठरविली गेली. समूह शाळा काही ठिकाणी उपयुक्त ठरेलही. पण लहान शाळा अपयशी ठरली, असे म्हणण्यापूर्वी तिला तिच्या स्वरूपाला साजेशी पुस्तके, प्रशिक्षण आणि परीक्षा कधी दिली गेली का, हा प्रश्न विचारावा लागतो. कोठारी आयोगाने सुचविलेला सलग घटक पूर्णार्थाने अमलात आला असता तर या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे झाले असते.

२५/ इतिहासाची आवड असणाऱ्यांसाठी या विषयाची साधने घराजवळच आहेत. गावच्या जुन्या शाळेचे जनरल रजिस्टर, हजेरीपट आणि तपासणी अधिकाऱ्यांचे शेरेबुक यांत कोणत्या साली किती वर्ग होते आणि किती शिक्षक होते, याची नोंद असते. घरातील आजी-आजोबांना एवढेच विचारावे : तुमच्या खोलीत किती इयत्ता बसत आणि तुम्हाला पाढे कोणी शिकविले? पुष्कळदा उत्तरात मास्तरांच्या आधी वरच्या वर्गातील एखाद्या मुलाचे किंवा मुलीचे नाव येईल. ते नाव लिहून ठेवावे. शिक्षणखात्याच्या कोणत्याही अहवालात ते सापडणार नाही.